मैदानातली फेरी

"बाटली तुम्ही आणून दिलीत?" डॉक्टरांचं पेन थांबलं. व्यसनमुक्ती केंद्रात पेशंटला चोरून पाजणारे मित्र त्यांनी पाहिले होते, बायको पहिल्यांदाच पाहत होते.

"हो, मीच." तिने मांडीवरचं हेल्मेट घट्ट धरलं. नवरा बाहेर बाकावर बसला होता. "दारू सुटल्यापासून हे मला एकेक शिकवत होते. गॅसचा नंबर कसा लावायचा, एटीएम कसं वापरायचं, विम्याचे कागद कुठे ठेवलेत. कधी आवाज चढवला नाही."

"मग चांगलंच होतं की. मागच्या वेळी मी त्यांचं कौतुकही केलं."

"मलाही कौतुकच वाटायचं. राहिली होती फक्त स्कूटर. काल मैदानात मी एकटीने फेरी मारली. हे हसले. म्हणाले, आता तुझं माझ्यावाचून काही अडणार नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"तेव्हा मला या सगळ्या शिकवण्याचीच भीती वाटली. दुसऱ्या फेरीत वळणावर मी मुद्दाम पडले. तरी भीती जाईना. पिऊन झोपले तर निदान सकाळी उठतील, म्हणून दुकानात गेले."

डॉक्टर उठून बाहेर आले. इतके महिने ते दर भेटीत एकच विचारत होते, "घेतली का?" आज ते बाकावर त्याच्या शेजारी बसले.

"जगावंसं वाटतं का तुम्हाला?"

त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तिला अजून वळण जमत नाही, डॉक्टर. तेवढं जमू दे."