एक कागद कमी

बालगृहाच्या अधीक्षकबाईंनी फॉर्म टेबलावर सरकवला आणि शेवंतीपुढे पेन ठेवले. ऑस्लोच्या सावरगावकर पतिपत्नींनी तिला दत्तक घेण्यासाठी अर्ज केला, तेव्हा ती दोन वर्षांची होती. त्यानंतर दर खेपेला फाइलमध्ये एक कागद कमी निघाला आणि तो मिळेपर्यंत आधीच्या एखाद्या कागदाची मुदत संपली. या अवधीत शेवंतीने पाच वर्षे पूर्ण केली, त्यामुळे नियमानुसार आता तिचीही संमती आवश्यक ठरली.

“आजवरच्या कार्यालयांनी नुसता उशीर केला,” समोर बसलेला नवरा बायकोच्या कानाशी पुटपुटला. “हे एकशे तीन सेंटिमीटर उंचीचे कार्यालय थेट नकार देऊ शकते.”

“गप्प बसता का जरा?” बायको म्हणाली.

शेवंतीने फॉर्म पाहिला. मग त्या दोघांच्या घराचे फोटो, त्यांतले करडे मांजर, सगळे क्रमाने तपासले.

“एक कागद कमी आहे,” ती म्हणाली.

हे वाक्य दोघांना सहा कार्यालयांच्या आवाजांत पाठ होते.

“कुठला गं बाई?” अधीक्षकबाईंनी विचारले.

“मांजराचा. मी आलेली चालेल, असं त्यानं कुठं लिहून दिलंय?”

बायको तिच्याशेजारी उकिडवी बसली. “ते लिहून देत नाही गं. तूच येऊन विचार त्याला.”

शेवंतीने पुरेसा वेळ घेतला. मग जीभ ओठांबाहेर काढून सावकाश आपले नाव लिहिले. तीन वर्षांत अपुऱ्या फाइलवर सही करणारी ती पहिलीच अधिकारी होती.