डागांचं वजन

"डाग झाकायचे नाहीत. देवापुढं वचन दे," अंगभर कोड असलेल्या आईनं शेवटच्या आजारपणात बजावलं होतं. म्हणून मोबाइल गेमच्या नायिकेचा चेहरा रंगवताना लेकीनं तिच्या गालावर पांढरे डाग ठेवलेच.

"काढून टाक ते," गेम कंपनीतले तिचे सर म्हणाले. "फाइल जड होते. फोनवर गेम अडखळतो."

तिनं दोन फाइली शेजारी शेजारी उघडल्या, एक डागांची, एक बिनडागांची. दोन्हींचं वजन तंतोतंत सारखं.

"सर, हा फॉरमॅट चित्राचे बारीक चौकोन पाडतो आणि प्रत्येकाला ठरलेली जागा देतो. त्यात डाग असो नाहीतर नसो, जागा तेवढीच."

"अगं, पण असली नायिका लोकांना..."

"म्हणजे डाग फोनला जड होत नाहीयेत, लोकांना होतायत."

"ठेव बाई, ठेव," म्हणत सर निघून गेले.

तिनं बिनडागांची फाइल पुसून टाकली. मग सवयीनं तिचा हात स्वतःच्या हनुवटीकडे गेला आणि बोटाला क्रीम लागलं. तिथले पांढरे डाग ती रोज सकाळी त्या क्रीमखाली लपवत आली होती.

आईनं वचन काही गेमसाठी मागितलं नव्हतं.

ती उठली, बेसिनपाशी गेली आणि तिनं नळ सोडला.