दुसरी सही

इंजेक्शन देण्याआधी बाटलीवरचं नाव दोन सिस्टरांनी वाचून सह्या करायच्या, हा वॉर्डचा शिरस्ता. सुधारणा अधिकाऱ्यांनी घड्याळ लावून पाहिलं. "एकाच कामाला दोघी? रोजची चाळीस मिनिटं पाण्यात!" थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "साहेब, मी चुकले तर?" "बावीस वर्षांत कधी चुकलात?" "दोनदा. दुसरीनेच पकडलं." गंमत समजून सगळे हसले आणि दुसरी सही बंद झाली. महिन्याभराने दुसऱ्या इस्पितळाची मंडळी सुधारणा बघायला आली. अधिकारी फळ्यावर वाचवलेली मिनिटं दाखवत होते. तिकडे थोरल्या सिस्टरांनी सात नंबरच्या मुलीला इंजेक्शन दिलं, रिकामी बाटली टाकायला नेली आणि सवयीने पुन्हा नाव वाचलं. झाकण तेच, रंग तोच, औषध भलतंच. त्या ओरडल्या, "डॉक्टर!" टाळ्यांच्या कडकडाटात हाक विरली. मुलीची आई म्हणाली, "सिस्टर, हिचे हात गार का पडले?"