साहेबांचं टेबल

ट्रान्सफॉर्मरमधलं तारांचं वाइंडिंग सैल होऊन हादरतंय, बंद करून आवळायला हवं, असं इंजिनियरबाई महिनाभर कानीकपाळी ओरडत होत्या. साहेबांनी त्यावर अक्कल चालवली ती अशी: हादरे मोजणारा सेन्सर ट्रान्सफॉर्मरवरून काढला आणि स्वतःच्याच टेबलाखाली चिकटवला. खोलीतल्या पडद्यावरची हादऱ्यांची रेष लगेच सुतासारखी सरळ झाली. "कसा गप्प केला!" म्हणत वर मिशीला पीळही दिला. आज संचालक पाहणीला साहेबांच्या खोलीत आले, तेव्हा बाई दाराशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. माणूस किती निर्लज्ज असू शकतो, हे त्यांना डोळे भरून पाहायचं होतं. "ट्रान्सफॉर्मर ठणठणीत आहे! या बाई उगाच बाऊ करतात!" म्हणत साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. पडद्यावरची रेष उसळली, धोक्याचा भोंगा केकाटला. "अहो, फुटेल तो! बंद करा!" संचालक ओरडले. बाईंनी साहेबांना गोड आवाजात विचारलं, "ट्रान्सफॉर्मर बंद करू, की टेबल?"