पिट्सबर्गचा पूल

"ज्या देशात मयूर आहे, तिथे मी पाय ठेवणार नाही," असं म्हणून केसरबाई दोह्याला, लेकीच्या अल सद्दच्या फ्लॅटमध्येच राहिल्या. मुलाने परस्पर लग्न केल्यापासून त्या त्याच्याशी बोलत नव्हत्या. बाजीराव एकटेच टूरबरोबर अमेरिका बघायला गेले.

संध्याकाळी त्यांचा पिट्सबर्गहून व्हिडिओ कॉल आला. अनुजाने फोन आईच्या हातात दिला आणि ती मागे उभी राहिली.

"हा पिवळा पूल बघ. पूर्वी या नदीकाठी सगळे पोलादाचे कारखाने होते म्हणे," बाजीराव कठड्याला टेकून सांगत होते.

"तुमचा फोन कोणी धरलाय?" केसरबाईंनी मध्येच विचारलं.

"आहे टूरमधलाच एक जण."

बाजीराव पुढे कारखान्यांबद्दल सांगत राहिले, पण त्यांची नजर फोनकडे नव्हती. फोनच्या वर, तो धरणाऱ्या माणसाकडे ते बघत होते आणि त्यांचे डोळे भरून येत होते. चित्र हलायला लागलं.

"बाबा, नंतर बोलू या का?" अनुजा घाईने म्हणाली आणि फोन घ्यायला पुढे झाली.

केसरबाईंनी तिचा हात बाजूला सारला.

"पूल बघून झाला," त्या म्हणाल्या. "मयूर, फोन स्वतःकडे वळव. शेजारी ती असेल, तर तिलाही घे."