तिसरी ट्यूब

आलेखाच्या दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून वर गेल्या होत्या. ती पडद्याकडे बघतच राहिली.

"मॅडम, साधं मलम लावणारेही तितकेच बरे झालेत," आकडेवारीचा माणूस चष्मा पुसत म्हणाला. "म्हणजे तुमच्या औषधाने वेगळं काही केलंच नाही. आता वरचे लोक प्रयोगशाळेला कुलूप ठोकणार."

तरुणपणापासून ती या एका रोगाच्या मागे लागली होती. यात शरीराचे पहारेकरीच बिथरतात आणि आपल्याच कातडीवर तुटून पडतात. त्यांना शांत करणारा रेणू तिने शोधला, त्याचं मलम केलं. निम्म्या रुग्णांना ते दिलं. उरलेल्यांना दिसायला तसंच, पण आत औषध नसलेलं. कोणाच्या हाती कोणती ट्यूब पडली, हे तिलाही ठाऊक नव्हतं. अशा चाचणीची रीतच ती. रुग्णांना अट एकच, दुसरं काही लावायचं नाही.

आणि शेवटी औषधानेच दगा दिला. ती जिना उतरून खाली आली.

खाली रुग्ण निकाल ऐकायला जमले होते. नेहमीची चेष्टामस्करी रंगात आली होती. त्यांना नंबराने आत सोडणारी मावशी दाराशी उभी होती. सख्खी नव्हे, पण कामाच्या नादात डॉक्टरीण जेवण विसरली की डबा उघडून पुढ्यात ठेवणारी.

म्हाताऱ्या शिंपीकाकांनी बाही वर केली. "बघा डॉक्टरीणबाई, कोपर कसं नवरदेवासारखं तुकतुकीत झालंय!"

सगळे खो खो हसले. ती हसली नाही. लाली गेली होती, खवले गेले होते. पण कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती आणि खालच्या लाल शिरा दिसत होत्या. तिच्या मलमाने असं होत नाही. दुकानातल्या जहाल स्टेरॉइडच्या मलमाने होतं. तिने शेजारच्या बाईचा हात ओढून पाहिला. मग पलीकडच्या मुलीचा. तिथेही तोच पापुद्रा.

"काका, आणखी काय लावत होतात?"

हसणं थांबलं. काकांनी मावशीकडे पाहिलं.

मावशीने पिशवीतून पिळून चपटी झालेली एक ट्यूब काढली. "अगं, मीच आणून वाटल्या. निम्म्यांना खोटं मलम दिलंय म्हणे. ते बिचारे बरे झाले नसते तर तू तोंडावर आपटली असतीस ना? मी म्हटलं, आपली पोर आहे, सगळ्यांनीच गुपचूप लावा. एकानेही तोंड उघडलं नाही बघ!"

त्या निम्म्यांनी बरं व्हायचंच नव्हतं, त्यांच्याशीच तर तुलना होती. तिचं औषध खरं होतं की नाही, ते आता कोणालाच कळणार नव्हतं.

सगळे माना उंचावून तिच्या तोंडाकडे बघत होते. मावशीने तिची हनुवटी धरली.

"आता तरी सांग गं. पास झालीस ना?"