बेचाळीस टक्के

दुपारी दुकानात सामसूम होती. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या बाईंसमोर एक शांत माणूस स्टुलावर बसला होता. त्याने आणलेला लॅपटॉप जेमतेम वहीएवढा होता.

"बायकोचा आहे. सगळं पुसा आणि नवी सिस्टिम टाका."

बेचाळीस टक्क्यांवर काम अडलं. डिस्क खराब असल्याची सूचना आली आणि आतून आवाज झाला, कुणाच्या तरी मुस्काटात बसावी तसा. बाईंचा गाल चरचरला.

भास असेल म्हणून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. बेचाळीसवर पुन्हा तोच आवाज झाला. या वेळी त्यांचा ओठ फाटला आणि रक्त कीबोर्डवर सांडलं.

त्यांनी जुनी डिस्क काढली आणि पाकीट फोडून कोरी करकरीत डिस्क बसवली.

बेचाळीस टक्क्यांवर तीच सूचना आली. फटका असा बसला की त्या खुर्चीसकट भिंतीवर आदळल्या. तुटलेला दात जिभेला लागला.

"बंद करा ते!" त्या किंचाळल्या.

तो माणूस जराही दचकला नव्हता.

"बायकोसुद्धा अशीच अडून बसायची," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, आणि पुढे वाकून त्याने 'पुन्हा प्रयत्न करा'चं बटण दाबलं.